तिसरी सूट

एका ओळीत आटपलेली अट दिसली की माझं डोकं फिरतं.

माझं काम प्रोग्रॅम लिहिण्याचं, आणि आता जास्त करून दुसऱ्यांनी लिहिलेले तपासण्याचं. प्रोग्रॅममध्ये पावलोपावली सांगावं लागतं, असं झालं तर हे कर, तसं झालं तर ते कर. हे सरळ चार ओळींत लिहिता येतं, कुणीही वाचलं तरी कळेल असं. पण हुशार पोरांना चार ओळी लिहायचा कंटाळा. ती एक प्रश्नचिन्ह टाकतात, पुढे एक अपूर्णविराम, त्यात आणखी एक प्रश्नचिन्ह कोंबतात आणि सगळा मामला एका ओळीत बसवून खूश होतात. संगणकाला ते कळतं. माणसाला कळायला मात्र ती ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते, आणि कळली असं वाटतं तेव्हाही एखादी शक्यता तिच्याबाहेर राहून गेलेली असते. मी अशी ओळ परत पाठवते. खाली शेरा मारते, 'सुटं करून लिहा.' पुण्याच्या ऑफिसात माझ्या या शेऱ्याची टिंगल होते हे मला ठाऊक आहे. होऊ दे.

ऑफिस पुण्यात, मी तीर्थपुरीत. वडील गेले तेव्हा बैठकीला म्हणून आले होते, ती इथेच राहिले. थोरला भाऊ पुण्याला, धाकटा संभाजीनगरला, दोघांचे संसार, दोघांची दुकानं. माझं लग्न त्याआधीच मोडलं होतं, त्यामुळे आईजवळ कोण राहणार हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारलाच नाही. मी टेबल घेतलं, खिडकीत मोबाईल ठेवला की तिथे नेट बरं येतं हे शोधून काढलं आणि कामाला लागले. खाली आमचं कापडाचं दुकान होतं, ते आता मोबाईल दुरुस्तीवाल्याला भाड्याने दिलंय. वर आम्ही दोघी. आमच्या मारवाडी गल्लीतली बहुतेक घरं जालन्याला नाहीतर पुण्याला गेली. कुलुपांवर कोळ्यांनी जाळी केली आहेत, आणि दिवाळीला कुणी कुलूप उघडायला आलं की गल्लीत दोन दिवस आवाज असतो. बाकी वर्षभर आपणच आपल्या पायांचा आवाज ऐकायचा.

आमच्यात आईला बाई म्हणतात. बाई माझ्याशी अर्धं मारवाडीत आणि अर्धं इथल्या मराठीत बोलते. बोलते म्हणजे फार नाही. वडील असताना तिचं बोलणं त्यांच्याशी असायचं. आता ते कुणाशी असावं हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं, आणि माझा नंबर त्यात बराच खाली होता.

बाईला साखरेचा आजार आहे, आणि बाई चौविहार पाळते. चौविहार म्हणजे सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. अन्न नाही, पाणी नाही, औषध नाही. रोज संध्याकाळी ती लवकर जेवते, चूळ भरते, पश्चिमेच्या खिडकीशी उभी राहते, हात जोडून पचखाण घेते. पचखाण म्हणजे त्या रात्रीपुरती शपथ. तिचे शब्द जुने प्राकृत, आणि बाई ते इतक्या भराभर पुटपुटते की मला लहानपणापासून ते सगळे मिळून एकच लांब शब्द वाटत आला. मी स्वतः काही पाळत नाही. रात्री तिच्यासमोर बसून चहा पितानाही मला आधी काही वाटत नसे.

उन्हाळ्यात हे निभून जातं. हिवाळ्यात सूर्य लवकर जातो आणि रात्र संपता संपत नाही. बाई गोळी घेते, मग दोन घास खाते, 'भूक न्हाई' म्हणून ताट सारते, आणि गोळी पोटात जाऊन आपलं काम करत राहते. रक्तातली साखर उतरते. जालन्याच्या डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी निम्मी केली आणि तिला नीट समजावून सांगितलं, की घाम आला, हात थरथरले, तर लगेच चमचाभर साखर तोंडात टाका, वेळ बघू नका, नाहीतर शुद्ध जाईल आणि मग काही हातात राहणार नाही. बाईने मान डोलावली. परतताना अंबडहून जीपमध्ये बसलो तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टरला हो म्हणालीस ना?"

"हो म्हणजे ऐकलं," बाई म्हणाली, आणि खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या बघत बसली.

मी घरी साखरेचे डबे जागोजागी ठेवले. देव्हाऱ्याजवळ, पलंगाजवळ, माझ्या टेबलावर. त्यांना फक्त मुंग्या लागल्या.

मग एका सकाळी जिन्यात मी ते बोलणं ऐकलं. धनगर वस्तीवरची एक बाई आमच्याकडे दूध घालते. ती आणि आमची बाई दारात बसून बोलत होत्या. आमची बाई तिच्याशी भरभरून बोलते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"काल दिवेलागणीला लई घाम सुटल्ता गं," बाई सांगत होती. "हात असे कापून राह्यले व्हते. माळ धरता येईना."

"आन् लेकीला हाक न्हाई मारली?"

"काय मारू? ती साखर घे म्हणणार. मला घ्यायची न्हाई. मंग कशाला हाक मारायची?"

"पन काकू, काही झालं आसतं तर?"

"झालं न्हाई ना," बाई म्हणाली. "भगवंतानं निभावलं. तू सांगू नको तिला."

मी जिन्यात उभी राहिले. काल दिवेलागणीला मी तिथेच होते. ती पलंगावर माळ घेऊन बसली होती, मी शेजारच्या खोलीत टेबलावर. दार उघडं होतं. तिचा काही आवाज नव्हता, आणि मी मनाशी म्हटलं होतं, बाई शांत आहे, बरं आहे. आईने आपल्याला हाक मारण्यात अर्थ नाही असं ठरवावं, तेही इतक्या थंडपणे, हे ऐकून मला रडू आलं. राग तर त्याहून जास्त आला. मी खाली न जाता परत वर गेले, आणि दूधवाली गेल्यावर भांडायला उतरले.

"बाई, साखर उतरली की माणूस बेशुद्ध पडतं. मरतं."

"मरंल की. मी काय अमरपट्टा घेऊन आले?"

"आणि मी? मी काय करू मग?"

ती मेथी निवडत होती. निवडतच राहिली.

"पचखाण मोडायचं न्हाई," शेवटी ती म्हणाली. "सूर्य बुडला, तोंड बंद. बस."

हीच ती एका ओळीतली अट. माझ्या टेबलावर आली असती तर मी तिथल्या तिथे परत पाठवली असती. पण ही बाईची होती, आणि तिच्यावर शेरा मारायला जागा नव्हती. त्या दिवसापासून मी संध्याकाळी टेबल उचलून बाईच्या खोलीत आणलं. सूर्य गेला की मी स्क्रीनकडे कमी आणि तिच्या हातांकडे जास्त बघायची. दर थोड्या वेळाने विचारायची, बरं वाटतंय ना. ती हो म्हणायची. तिच्या त्या 'हो'ची किंमत मला आता कळली होती, त्यामुळे मी उठून तिच्या कपाळाला हात लावून बघायची, आणि ती हात झटकून टाकायची. आम्ही दोघी एका खोलीत असून इतक्या दूर कधीच नव्हतो.

त्याच दिवसांत कामावरही तेच पुढ्यात आलं. आमचा प्रोग्रॅम बियाण्यांच्या थंड गोदामांवर लक्ष ठेवतो. प्रत्येक खोलीत तापमान मोजणारी डबी असते, ती ठरावीक वेळाने आकडा पाठवते. आकडा मर्यादेच्या वर गेला की घंटा वाजली पाहिजे, कारण बियाणं तापलं तर ते पेरून उगवत नाही. पुण्याच्या एका मुलाने हे सगळं एका ओळीत लिहिलं होतं. आकडा मर्यादेच्या वर आहे का, प्रश्नचिन्ह, घंटा वाजव, अपूर्णविराम, गप्प राहा. सुटसुटीत. मी ती ओळ वाचली आणि विचारलं, डबीच बंद पडली तर? आकडा आलाच नाही तर? न आलेला आकडा मर्यादेच्या वर नसतो. मग प्रोग्रॅम गप्प राहणार. म्हणजे सगळं ठीक असलं तरी गप्प, आणि काहीच कळत नसलं तरी गप्प.

मी शेरा मारला. त्याचा फोन आला. चांगला मुलगा आहे, फक्त घाई फार.

"मॅडम, चालतंय ना ते? टेस्ट सगळ्या पास आहेत."

"डबी बंद पडण्याची टेस्ट लिहिलीस?"

"ती कशाला बंद पडेल?"

"का, तिला अमरपट्टा दिलाय?" मी म्हटलं, आणि कुणाचा शब्द माझ्या तोंडून आला हे लक्षात येऊन जरा थांबले. "हे बघ. तीन गोष्टी आहेत. तापलं आहे. तापलेलं नाही. आणि माहीत नाही. तिन्ही वेगवेगळ्या लिही. माहीत नसेल तर पहिल्यांदा घंटा वाजव. लांबलं तर लांबू दे. कागद लागत नाही त्याला."

"एवढ्या ओळी कोण वाचणार, मॅडम?"

"ज्याच्यावर वेळ येईल तो वाचेल," मी म्हटलं. "वेळ आलेल्या माणसाला कोडी सोडवायला लावू नये."

हे बोलताना माझा आवाज चढला होता. समोर पलंगावर बाई माळ थांबवून माझ्याकडे बघत होती. पलीकडे तो मुलगा 'ओके मॅडम' म्हणाला आणि फोन ठेवला. तिन्ही गोष्टी सुट्या करून त्याने पाठवल्या, खाली नमस्काराचे जोडलेले हात टाकले. ते आभाराचे होते, की कटकट मिटली एकदाची म्हणून, मला कळलं नाही. दिवसभरात माझ्याशी झालेलं बोलणं तेवढंच होतं.

थोरल्या भावाचा रविवारी फोन येई. "बाई ठीक?" "ठीक." "तू ठीक?" "ठीक." तोही प्रोग्रॅम एका ओळीचाच. मी एकदा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तिला समजाव ना गं." मी म्हटलं, "तू समजाव." त्याने तिला फोन द्यायला सांगितलं, तिने त्याच्या मुलांची चौकशी केली, परीक्षा कधी विचारलं आणि फोन मला परत दिला.

मग गावात जैन साध्वी आल्या. हिवाळ्यात त्या पायी विहार करत गावोगाव जातात, चार दिवस स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मस्थानात, उतरतात आणि पुढे निघतात. त्यांना आम्ही महासतीजी म्हणतो. बाई सकाळ-संध्याकाळ जाऊन येत होती. मी स्थानकाची पायरी कित्येक वर्षांत चढले नव्हते, पण एका दुपारी गेले. थंड फरशी, भिंतीशी ठेवलेली दोन-चार आसनं, आणि एक वयस्कर महासतीजी एकट्याच बसलेल्या, तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी. मी लांब बसून वंदन केलं आणि सरळ विचारलं, की चौविहारात जीव जायची वेळ आली तरी साखर खायची नाही, असं खरंच लिहिलंय का.

त्या हसल्या असाव्यात. मुहपत्तीमुळे नीट दिसलं नाही.

"तुम्ही पचखाण कधी ऐकलंत का?" त्यांनी विचारलं.

"रोज ऐकते. आई भराभर म्हणते."

"मग आज सावकाश ऐका."

त्यांनी एकेक शब्द सुटा करून म्हटला, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितला. पहिल्यांदा काय सोडायचं ते. मग, कशा-कशात शपथ मोडत नाही ते. त्याला आगार म्हणतात, म्हणजे सूट. विसरून तोंडात गेलं तर मोडत नाही. अचानक, आपल्या हातात नसताना गेलं तर मोडत नाही. थोरांची आज्ञा झाली तर मोडत नाही. आणि जिवाची शांतीच ढळेल असा आजार उठला, त्यात औषध घेतलं, तर मोडत नाही. चार सुटी, चारही वेगळ्या, कुठलीही कशात कोंबलेली नाही. रोज संध्याकाळी आमच्या खिडकीशी जे पुटपुटलं जात होतं त्यातला निम्म्याहून जास्त भाग या सुटींचा होता.

मला इतका आनंद झाला की मी तिथे बसून चक्क हसले. कुणीतरी, कधीकाळी, आपल्यासारख्या चुकणाऱ्या, विसरणाऱ्या, आजारी पडणाऱ्या माणसांचा विचार करून शपथ लिहिली होती, आणि ती लांबेल याची फिकीर केली नव्हती. त्या माणसाच्या हाताखाली काम करायला मला आवडलं असतं.

"मग तुम्हीच आईला आज्ञा करा ना," मी म्हटलं. "असं झालं की साखर घ्यायची, म्हणून सांगून ठेवा."

"आम्ही उद्या विहार करणार. आज्ञा त्या वेळी, समोर असणाऱ्याने करायची असते. आधीच करून ठेवली तर ती पळवाट होते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मातोश्रींना हे सगळं माहीत आहे. त्यांनी सांगितलं नाही?"

घरी आले तर बाई चुलीशी. चूल म्हणजे गॅसच, पण आम्ही चूलच म्हणतो. संध्याकाळच्या मुगाच्या डाळीला फोडणी देत होती. मी दारातूनच म्हटलं, "बाई, चौविहारात सुटी आहेत."

"हायेत की. चार." गल्लीत नळ आहे म्हणावं तितक्या सहज.

"मग त्या दिवशी का घेतली नाहीस?"

तिने गॅस बारीक केला. आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदा बाई माझ्याशी सलग बोलली.

"पयली, विसरून. मी विसरले न्हवते. दुसरी, आपोआप. साखर काय उडून तोंडात येती? चौथी, जिवावर बेतलं तर. आता जिवावर बेतलं का न्हाई, हे ठरवणार कोण? मीच. आन् घेणार कोण? मीच. आपल्या दाव्यात आपणच न्याय द्यायचा, हे मला न्हाई पटत. जीव लई लबाड आसतो. त्याला सदा बेतलेलंच वाटतं."

"आणि तिसरी?"

बाई डाळ ढवळत राहिली.

"तिसरी व्हती," ती म्हणाली. "एकदा मला ताप भरल्ता. तुम्ही लेकरं लहान. घसा सुकून गेल्ता, मी पाणी घेत न्हवते. त्यांनी तांब्या आणला आन् म्हणले, 'पी.' बस, एवढंच. मी प्याले. पचखाण शाबूत राह्यलं. मंग तेच बघायचे. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना बराबर कळायचं. 'घे' म्हणायचे, मी घ्यायचे. त्यांच्या आधी सासूबाई व्हत्या, त्या म्हणायच्या." तिने गॅस बंद केला. "आता कोण हाय थोर? मला 'घे' म्हणणारं माणूस राह्यलंच न्हाई."

"थोरला भाऊ फोनवर—"

"तो लेकरू हाय," बाई म्हणाली.

मी काय आहे, हे मी विचारलं नाही. ते विचारायची गरज नव्हती. अट पूर्ण होती, सगळ्या बाजू लिहिलेल्या होत्या, एकही राहिली नव्हती. ज्या माणसाच्या आवाजावर ती चालायची तो माणूस तेवढा गेला होता. मी इतके महिने तिच्या हट्टावर चिडत होते. हा हट्ट नव्हता. घरात आपल्यावर कुणी थोर उरलं नाही, हे ती रोज सूर्य बुडताना अनुभवत होती, आणि शेजारच्या खोलीत बसून मला त्याचा पत्ता नव्हता. वडील गेल्यावर मी वडिलांसाठी रडले होते. तिच्यासाठी मी त्या संध्याकाळी डाळीच्या वासात उभी राहून पहिल्यांदा रडले.

नंतर काही दिवस बरे गेले. ती थोडं जास्त जेवू लागली, किंवा मला तसं वाटलं. मग बाजाराच्या दिवशी ती दमून आली, अर्धा फुलका खाल्ला आणि पचखाण घेऊन पलंगावर टेकली. बाहेर रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर मोठमोठ्याने गाणी लावून जात होते. मी गोदामांचंच काहीतरी तपासत होते. एकदा मान वर केली तर माळ तिच्या मांडीवर पडलेली होती आणि ती तिच्याकडे बघत होती, उचलत नव्हती.

"बाई?"

तिने हो म्हटलं, पण जीभ जड होती. कपाळ ओलं. पाठीवर ब्लाउज चिकटला होता. मी साखर मोजायचं मशीन आणलं, बोटाला सुई टोचली. सुई टोचायला तिची कधी ना नव्हती. आकडा फारच खाली होता. पलंगाजवळचा डबा उघडला, चमचा भरला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिने ओठ मिटले.

"बाई, घे ना गं. घे. माझ्यासाठी घे. मी पाया पडते तुझ्या." मी खरंच तिच्या पायाशी बसले होते. "चौथी सूट आहे बाई, जिवावर बेतलंय, मी बघतेय ना, आकडा बघ. बाई, मला कुणी नाहीये गं. ऐक ना."

तिने मान हलवली. नाही. डोळे माझ्या चेहऱ्यावर होते, पण नजर हलत होती. मी रडत होते, विनवत होते, चमच्यातली साखर माझ्याच हातावर सांडत होती. आणि एका क्षणी मला माझाच आवाज ऐकू आला. तो हट्ट करणाऱ्या मुलीचा आवाज होता. पायाशी बसून कुणी आज्ञा करत नाही.

मी उठले. डोळे पुसले. तिच्यासमोर उभी राहिले. चमचा पुन्हा भरला. वडिलांसारखं बोलायचं असं मी काही ठरवलं नव्हतं, पण दुसरं कसं बोलतात हे मला येत नव्हतं.

"घे," मी म्हटलं.

बाईने वर पाहिलं. किती वेळ पाहिलं कुणास ठाऊक. मी नजर काढली नाही. मग तिने तोंड उघडलं.

एक चमचा, मग दुसरा, मग पाण्यात विरघळवून. "पी," म्हटलं की ती पीत होती. हळूहळू घाम थांबला, हात शांत झाले. नंतर ती भिंतीला टेकून बसली, तिने माळ उचलली आणि राहिलेली पुरी केली. मी तोंड धुतलं, हातावरची साखर धुतली आणि तिच्याजवळ जमिनीवर अंथरूण घातलं. ट्रॅक्टर जातच होते. ती झोपली तरी मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सगळं नेहमीसारखं. दूध आलं, माझं काम सुरू झालं. दूधवालीशी बाई काय बोलली ते मी ऐकायला गेले नाही. संध्याकाळी ती जेवली, पोटभर जेवली, चूळ भरली. मी टेबलावर होते. ती खिडकीशी जाईल असं मला वाटलं. ती माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. तिने पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"दे पचखाण," बाई म्हणाली.

घरात थोर माणूस असलं तर पचखाण त्याच्याकडून घ्यायचं, अशी आमच्यात रीत आहे. वडील असताना ती त्यांच्यासमोर अशीच उभी राहायची. लहानपणी मी ते पाहिलं होतं. मी विसरले होते.

"मला येत नाही गं," मी म्हटलं. "शब्द येत नाहीत."

"मी सांगते. तू म्हण. सावकाश म्हण, सुटं सुटं."

मी खुर्चीवरून उठू लागले. तिने मानेनेच बस म्हटलं. देणाऱ्याने बसायचं असतं. म्हणून मी बसले, आणि माझी आई माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. ती एकेक शब्द हळू सांगायची, मी तो मोठ्याने म्हणायची. काय सोडायचं ते झालं. पहिली सूट झाली. दुसरी झाली. तिसरीचा शब्द तिने सांगितला, आणि मी अडले. माझं चुकलं-माकलं तर बाई होती. रुसायला, भांडायला, पायाशी बसून रडायला बाई होती. आता तिने डोळे मिटले होते आणि तिची मान माझ्यापुढे वाकलेली होती. या घरात माझ्यावर कुणीच उरलं नव्हतं.

डोळे न उघडताच बाई म्हणाली, "म्हण की. सूर्य बुडून राह्यला."